हिशेबातली गळती

औंढा नागनाथच्या देवळात नंदी नेहमीच्या जागी, देवासमोर नाही. तो देवळाच्या मागे आहे. त्यामागची कथा वारकऱ्यांना तोंडपाठ असते. नामदेवांना देवळापुढे कीर्तन करू दिले नाही, ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे ठाकले. नंदी तेवढा होता तिथेच राहिला. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते याच गावात. कथा श्रद्धेची आहे, तिचा पुरावा मागण्यात अर्थ नाही. पण फिरवले तरी देऊळ तेच राहिले, हा तिच्यातला मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

या गावाचे नाव आता जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे ते वेगळ्या कारणाने. औंढ्याजवळ दुधाळा शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. पहिली गुरुत्वीय लहर अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली. ती बातमी ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाली, आणि सहाच दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या यंत्राला तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी मात्र ६ एप्रिल २०२३ रोजी आली, सुमारे २,६०० कोटी रुपयांची. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा खात्याचा बांधकाम विभाग अशा चौघांनी मिळून हे काम करायचे आहे.

यंत्राची कल्पना सांगायला सोपी आहे. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, टोकांना आरसे, आणि त्यांच्या मधून जा-ये करणारा लेसर. लहर गेली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते. ‘किंचित’ म्हणजे किती? २०१५ च्या लहरीने चार किलोमीटरची लांबी जेवढी बदलली, ते अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाएवढे होते. एवढा बदल कळायचा तर आरसा जमिनीच्या थरथरीपासून सुटा हवा. म्हणून ४० किलोचा प्रत्येक आरसा टांगलेला असतो, आणि तोही एका लंबकाला नव्हे, एकाखाली एक अशा चार लंबकांना. शेवटच्या टप्प्यात धातूची तार चालत नाही. तिथे शुद्ध सिलिका-काचेचे, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असे चार तंतू असतात.

काचच का, तर ती जवळजवळ काहीच गिळत नाही. तंतू एकदा कंप पावू लागला की त्याची ऊर्जा उष्णतेत मुरायला फार वेळ लागतो. सेकंदाला सुमारे ५०० वेळा थरथरणाऱ्या या तंतूंचा दर्जांक एक अब्जाच्या आसपास असतो. याचा अर्थ, एका कंपनात ऊर्जेच्या एक अब्ज भागांतले सहाच भाग जातात. एकदा छेडला गेलेला तंतू आपणहून शांत व्हायला आठवड्याचा हिशेब करावा लागतो. शास्त्रज्ञांना ही मोठी डोकेदुखी आहे, पण तिचा इलाज त्यांच्याकडे आहे आणि तो इथला विषय नाही.

इथला विषय असा: हाच तंतू, हाच लंबक संगणकात हलवून पाहायचा असेल तर काय होते?

संगणकातला लंबक

गती म्हणजे सलग चालणारी गोष्ट. संगणकाला मात्र सलग काही कळत नाही. तो क्षणाक्षणाने चालतो: आत्ता वस्तू इथे आहे, तिचा वेग इतका आहे, तर दशांश सेकंदानंतर ती कुठे असेल? तिथून पुन्हा पुढचा दशांश. न्यूटनचे समीकरण असे पावलापावलाने सोडवण्याची सर्वांत साधी रीत लिओनार्ड ऑयलरची, अठराव्या शतकातली. ती अशी: जुने स्थान आणि जुना वेग घ्यायचा, जुन्या वेगाने स्थान पुढे सरकवायचे, जुन्या स्थानावरच्या बलाने वेग बदलायचा.

कागद-पेन्सिल किंवा एक्सेल घेऊन हे करून पाहण्यासारखे आहे. स्प्रिंगला लावलेले एक वजन घ्या. सोयीसाठी असे धरू की त्याचे त्वरण नेमके स्थानाइतकेच, पण उलट दिशेने. सुरुवातीला स्थान १, वेग ०, पाऊल ०.१ सेकंद. पहिल्या पावलानंतर स्थान १ च, वेग उणे ०.१. दुसऱ्यानंतर स्थान ०.९९, वेग उणे ०.२. आता स्थानाचा वर्ग अधिक वेगाचा वर्ग ही बेरीज काढा. ती ऊर्जेची दुप्पट असते आणि घर्षण नसेल तर ती बदलता कामा नये. सुरुवातीला ती १ होती. एका पावलानंतर १.०१. दोनानंतर १.०२०१. प्रत्येक पाऊल ऊर्जेवर एक टक्का व्याज चढवते, तेही चक्रवाढीने. एका पूर्ण झोक्याला सुमारे ६३ पावले लागतात. तेवढ्यात ऊर्जा १.८७ पट होते. दहा झोक्यांनंतर ती पाचशे पटींच्या पुढे गेलेली असते. वजनाला कोणी हात लावलेला नाही, तरी ते दर झोक्याला जास्त जोराने हेलकावे घेत राहते.

यावर लोकांनी शोधलेला एक उपाय म्हणजे ‘मागची’ ऑयलर पद्धत. तिच्यात जुन्याऐवजी नवे बल आणि नवा वेग वापरतात. त्यासाठी प्रत्येक पावलाला एक समीकरण सोडवावे लागते. ही पद्धत कधीच उधळत नाही, म्हणून ती अभियंत्यांची लाडकी आहे, आणि संगणकी चित्रपटांतल्या कपड्यांच्या घड्याही बरीच वर्षे तिच्यावर हलल्या. पण तिचा दोष नेमका उलट आहे. ती ऊर्जा खाते. काचतंतूचे एक कंपन वीस पावलांत मोजले, तर पहिल्याच कंपनानंतर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागात, ऊर्जेचा फक्त १५ टक्के भाग उरतो. एका कंपनाला हजार पावले टाकली तरी दर कंपनाला चार टक्के जातात. खरा तंतू गमावतो अब्जात सहा भाग. इथे संगणकाने दाखवलेला तंतू काचेचा उरतच नाही, तो चिखलाचा होतो; आणि पडद्यावरचे चित्र इतके गुळगुळीत असते की पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. उधळणारी पद्धत निदान चूक ओरडून सांगते. मला या दुसऱ्या प्रकाराची जास्त भीती वाटते.

आता एक बारीक बदल करू. ऑयलरच्या पहिल्या रीतीत वेग आधी बदला, आणि स्थान सरकवताना तो नवा वेग वापरा. बस, एवढेच. समीकरण सोडवायचे नाही, गणिताचे काम तसूभर वाढत नाही. पहिल्या पावलात वेग उणे ०.१, मग स्थान ०.९९. दुसऱ्यात वेग उणे ०.१९९, स्थान ०.९७०१. वर्गांची बेरीज आता ०.९९०१, मग ०.९८०७. म्हणजे इथेही चूक आहेच. पण ही मालिका पुढे चालवत राहा: बेरीज ०.९५२ च्या खाली जात नाही, १.०५३ च्या वर जात नाही. दहा झोके, दहा हजार झोके, दहा कोटी झोके. ती त्या दोन कुंपणांमध्ये वर-खाली होत राहते आणि प्रत्येक झोक्यात परत येते.

हे असे का, याचे उत्तर या विषयातले मला सर्वांत सुंदर वाटणारे सत्य आहे. वर्गांच्या बेरजेतून स्थान, वेग आणि पाऊल यांचा गुणाकार वजा करून पाहा. पहिल्या पावलानंतर: ०.९८०१ अधिक ०.०१ अधिक ०.००९९. बरोबर १. (स्थान आणि वेग यांची चिन्हे विरुद्ध असल्याने वजाबाकीची बेरीज झाली.) दुसऱ्यानंतर: ०.९४१०९४०१ अधिक ०.०३९६०१ अधिक ०.०१९३०४९९. पुन्हा बरोबर १, आठव्या दशांश स्थळापर्यंत. ही रक्कम कधीच बदलत नाही. म्हणजे या पद्धतीने आपल्या स्प्रिंगचे उत्तर चुकीचे काढले असे म्हणण्यापेक्षा, तिने आपल्या स्प्रिंगच्या अगदी शेजारच्या, जराशा वेगळ्या ऊर्जेच्या एका यंत्राचे उत्तर काढले, असे म्हणणे जास्त खरे. ते शेजारचे यंत्रही घर्षणाशिवाय चालते, त्याचेही ऊर्जेचे खाते पक्के आहे. साध्या ऑयलरच्या उत्तरामागे असे कोणतेही घर्षणरहित यंत्र उभे करता येत नाही.

काय जपले जाते

स्थान आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर घेऊन एक नकाशा काढा. यंत्राची प्रत्येक अवस्था म्हणजे या नकाशावरचा एक बिंदू. एका बिंदूऐवजी छोट्या चौकोनातले सगळे बिंदू एकदम सोडले, तर घर्षण नसलेल्या कोणत्याही यंत्रात तो चौकोन वाकतो, ताणला जातो, पण त्याचे क्षेत्रफळ तेवढेच राहते. हा एकोणिसाव्या शतकातला लियुव्हिलचा सिद्धान्त. साध्या ऑयलर रीतीत हे क्षेत्रफळ दर पावलाला एक टक्क्याने वाढते. बदललेल्या रीतीत ते तंतोतंत टिकते, आणि याचे कारण पत्त्यांचा कॅट एका बाजूने ढकलला तरी त्याची जाडी आणि आकारमान बदलत नाही, तेच आहे. आधी फक्त वेग सरकवला, आणि किती सरकवायचा हे फक्त स्थानावर ठरले. मग फक्त स्थान सरकवले, आणि ते फक्त वेगावर ठरले. दोन्ही पावले म्हणजे एकेक ढकल. क्षेत्रफळाला धक्का लागायला जागाच नाही. अशा पद्धतींना गणिती ‘सिम्प्लेक्टिक’ म्हणतात. अनेक वस्तूंच्या यंत्रात एका क्षेत्रफळाऐवजी प्रत्येक स्थान-वेग जोडीच्या क्षेत्रफळांची बेरीज जपावी लागते. (अशा वेळी नकाशावर वेगाऐवजी संवेग घेतात, एक किलोच्या वजनाला दोन्ही आकडे सारखेच.)

आता देवळाकडे. एखाद्या यंत्राला फिरवले तरी त्याचे नियम बदलत नसतील, तर त्याचा कोनीय संवेग टिकतो. एमी नोएदर यांनी १९१८ मध्ये सममिती आणि टिकून राहणाऱ्या राशी यांचे हे नाते सिद्ध केले. सूर्याभोवतीच्या ग्रहाला हे लागू आहे. वेग बदलताना बल सूर्याच्या दिशेनेच लावले आणि मग सरळ रेषेत पुढे गेले, तर सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा प्रत्येक पावलात सारख्याच क्षेत्रफळाचा त्रिकोण व्यापते. कोनीय संवेग कणभरही हलत नाही. आणि हे कुठेतरी वाचल्यासारखे वाटत असेल तर त्याचे कारण आहे: न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त केप्लरचा समान क्षेत्रफळांचा नियम सिद्ध करताना हीच आकृती काढली आहे. ग्रह सरळ जातो, मग सूर्याकडे एक झटका, मग पुन्हा सरळ. न्यूटनला ही पुढे संगणकाची रीत होईल असे अर्थातच वाटले नव्हते. त्याला झटके शून्याकडे न्यायचे होते. आपण ते शून्याकडे न नेता तसेच ठेवले, एवढाच फरक.

या रीतीला नंतर अनेक बाप मिळाले. नॉर्वेच्या कार्ल स्टॉर्मर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ध्रुवीय प्रकाशासाठी विद्युतभारित कणांचे मार्ग हाताने काढले ते याच कुळातल्या पद्धतींनी. फ्रान्सच्या लू व्हेर्ले यांनी १९६७ मध्ये द्रवरूप आरगॉनचे ८६४ अणू संगणकात हलवले ते हिच्यावरच. आज औषधांचे रेणू प्रथिनांत कसे बसतात याचे हिशेब करणारे संगणक तिचेच वंशज चालवतात. यांपैकी कोणी ती ‘क्षेत्रफळ जपते’ म्हणून निवडली नव्हती. ती चांगली चालते, एवढेच त्यांना दिसत होते. का चालते, हे कळायला १९८० चे दशक उजाडले. अमेरिकेत रोनाल्ड रूथ यांनी १९८३ मध्ये कणत्वरकांसाठी, आणि चीनमध्ये फेंग कांग यांनी १९८४ च्या सुमारास स्वतंत्रपणे, रचना जपणाऱ्या पद्धती मुद्दाम घडवायला सुरुवात केली. १९९१ मध्ये जॅक विस्डम आणि मॅथ्यू होलमन यांनी सूर्यमालेसाठी एक युक्ती काढली: ग्रहाची सूर्याभोवतीची केप्लर-गती अचूक सोडवायची आणि ग्रहांची आपापसातली ओढ तेवढी झटक्यांनी द्यायची. अशाच पद्धतीवर झाक लास्कार आणि मिकाएल गास्तिनो यांनी २००९ मध्ये सूर्यमालेचे पुढचे पाच अब्ज वर्षांचे २,५०१ प्रवास काढले. प्रत्येक प्रवासात बुधाच्या कक्षेत सुरुवातीला ०.३८ मिलिमीटरचा फरक. सुमारे एक टक्का प्रवासांत बुधाची कक्षा इतकी लांबट झाली की तो सूर्यावर किंवा शुक्रावर आदळू शकतो. हा एक टक्का निसर्गाचा आहे, पद्धतीचा नाही, असे छातीवर हात ठेवून म्हणता यावे, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप.

पंचांगवाल्यांना हे ठाऊक होते

चुका दोन जातींच्या असतात, हे महाराष्ट्रातल्या ज्योतिर्गणिताला नवे नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ लिहिले आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे निघाली. मोठमोठे अहर्गण, म्हणजे आरंभापासूनच्या दिवसांच्या संख्या, मांडत बसण्याऐवजी त्यांनी ११ वर्षांची, ४,०१६ दिवसांची चक्रे घेतली आणि त्रिकोणमितीच्या ज्या-कोटिज्या टाळल्या. गणित हलके झाले, नावाप्रमाणे. पण ग्रहाच्या स्थानात दोन भाग असतात: त्याची मध्यम गती, आणि ती गती कधी पुढे कधी मागे करणारे मंदफल, शीघ्रफल यांसारखे संस्कार. मंदफलात थोडी चूक असली तर ग्रह वर्षातून काही काळ पुढे दिसेल, काही काळ मागे. शंभर वर्षांनीही चूक तेवढीच. मध्यम गतीत मात्र केसाएवढी चूक असली तरी ती रोज साठते. म्हणूनच जुने गणिती मध्यम गतीला वेळोवेळी ‘बीजसंस्कार’, म्हणजे दुरुस्ती, देत. तरीही एकोणिसाव्या शतकापर्यंत आकाश आणि पंचांग यांच्यातला फरक डोळ्यांना दिसू लागला होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ तयार केली ती युरोपीय गणितावर आधारून, याच कारणाने. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त हा सगळा इतिहास नीट मांडला आहे.

या फूटपट्टीने सिम्प्लेक्टिक पद्धत मोजली की तिचे गुण आणि मर्यादा दोन्ही स्वच्छ दिसतात. ऊर्जेतली तिची चूक मंदफलाच्या जातीची आहे: जाते, येते. पण कालगणनेतली चूक मध्यम गतीच्या जातीची आहे. आपल्या ०.१ पावलाच्या स्प्रिंगची वारंवारता खऱ्यापेक्षा दहा हजारात सुमारे चार भागांनी जास्त निघते. ती स्प्रिंग घड्याळाला लावली तर घड्याळ दिवसाला ३६ सेकंद पुढे जाईल. ते कधी थांबणार नाही, कधी उधळणार नाही, पण वेळ चुकीची दाखवेल, आणि ती चूक रोज वाढत जाईल. तिला बीजसंस्कारच हवा. या पद्धतींची भलामण करणाऱ्या लेखांत ही गोष्ट बहुधा तळटीपेत सापडते.

आणखीही दोन अटी आहेत. झोंग ग आणि जेरॉल्ड मार्सडेन यांनी १९८८ मध्ये दाखवले की सर्वसाधारण यंत्रासाठी ठरीव पावलाची कोणतीही पद्धत क्षेत्रफळही जपेल आणि मूळ ऊर्जाही तंतोतंत जपेल, असे होत नाही. दोन्ही साधले तर ती अचूक उत्तरच देते आहे असे समजावे (फक्त वेळेचे मोजमाप सोडून). म्हणजे निवड करावी लागते. दुसरी अट पावलाची. ग्रह सूर्याजवळ आला की पाऊल लहान करावे, दूर गेला की मोठे, हे शहाणपणाचे वाटते. पण सिम्प्लेक्टिक पद्धतीत मनाला येईल तसे पाऊल बदलले की ती शेजारच्या यंत्राची गोष्ट संपते आणि गळती पुन्हा सुरू होते. पाऊल बदलायचेच असेल तर त्यासाठी वेगळे, काळजीपूर्वक बांधलेले मार्ग आहेत.

खरी गळती

इथवर आपण गळती नको म्हणत होतो. पण औंढ्याचे यंत्र ज्या गोष्टीसाठी उभे राहणार आहे, ती गोष्टच एक गळती आहे.

रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांनी १९७४ मध्ये एक स्पंदक शोधला. तो एका दुसऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याभोवती पावणेआठ तासांत एक फेरी घालतो. आइनस्टाइनच्या सिद्धान्तानुसार ही जोडी गुरुत्वीय लहरींच्या रूपाने ऊर्जा बाहेर टाकते, म्हणून तिची कक्षा आकुंचन पावते: वर्षाला साडेतीन मीटर. फेरीचा काळ वर्षाला एका सेकंदाच्या सुमारे ७६ दशलक्षांशांनी कमी होतो. वर्षानुवर्षे वेध घेऊन हे प्रत्यक्ष मोजले गेले आणि १९९३ चे नोबेल मिळाले. आता एका फेरीचा हिशेब करा. एका फेरीत कक्षेच्या ऊर्जेतला बदल भरतो एक लाख कोटींत दीड भागाच्या जवळपास.

संगणकात ही जोडी फिरवायची तर रीत कोणती घ्यावी? वापरात सर्वांत जास्त आहे ती रुंगे-कुट्टाची चौथ्या कोटीची पद्धत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची आणि खरोखर उत्तम. साध्या लंबकावर एका फेरीला शंभर पावले टाकली तर ती एका फेरीत ऊर्जेचा एक कोटीत ०.८५ एवढाच भाग खाते. कोणत्याही इमारतीच्या किंवा पुलाच्या हिशेबाला हे पुरून उरेल. पण हल्स-टेलर जोडीच्या खऱ्या गळतीच्या ही पन्नास हजार पट आहे! शिवाय ती कक्षा लांबट आहे, त्यामुळे तारे जवळ येतात त्या वेळी काम आणखी बिघडते. असा हिशेब निष्काळजीपणे चालवला तर कक्षा आकसताना दिसेल, आलेख आइनस्टाइनला अनुकूल दिसेल, आणि त्यातले जवळजवळ सगळे आकसणे आपल्या बेरीज-वजाबाकीचे असेल.

यावरचा सरळ मार्ग म्हणजे हिशेबाची दोन खाती करणे. पहिल्या खात्यात ऊर्जा न गमावणारी गती: न्यूटनची आणि तिच्यावरच्या सापेक्षतेच्या पहिल्या काही दुरुस्त्या. ती रचना जपणाऱ्या पद्धतीने, म्हणजे गळतीशिवाय. दुसऱ्या खात्यात फक्त लहरींची हानी, स्वतंत्र छोट्या झटक्याने. मग कक्षा आकसली तर ती कोणत्या खात्यातून आकसली हे दिसते. अलीकडे याहून पक्का पायाही मिळाला आहे. लग्रांजच्या किमान क्रियेच्या तत्त्वातून सरळ पावलांच्या पद्धती घडवता येतात हे विसाव्या शतकाच्या शेवटी स्पष्ट झाले. चॅड गॅली यांनी २०१३ मध्ये ते तत्त्व घर्षणासारख्या हानी असलेल्या यंत्रांनाही लागू करता येईल असे मांडले, आणि २०१५ मध्ये डेव्हिड त्सांग व सहकाऱ्यांनी त्यावरून पद्धती बांधल्या.

प्रत्यक्ष आरसे टांगणाऱ्या अभियंत्याला मात्र यातले फारसे लागत नाही. त्याच्या आरशाची हालचाल इतकी सूक्ष्म असते की लंबकाचे समीकरण सरळ रेषेचे धरले तरी चालते, आणि मग पावले टाकत बसण्याऐवजी प्रत्येक वारंवारतेला यंत्र काय करील याचे उत्तर एकदम लिहिता येते. चार लंबक का, हे त्या उत्तरातच दिसते: आपल्या नैसर्गिक वारंवारतेच्या वर प्रत्येक लंबक जमिनीची थरथर वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात दाबतो, म्हणून चार मिळून आठव्या घाताने.

आणि लहर ओळखणाऱ्याला? त्याची गरज तर आणखी वेगळी. आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये पाया घातला तो असा: गोंगाटात बुडालेली लहर शोधायची तर अपेक्षित लहरींचे साचे आधी गणिताने तयार ठेवायचे आणि येणारी नोंद एकेका साच्याशी ताडून पाहायची. आज जगभर हेच चालते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळले, त्यांची लहर यंत्राच्या कानी सुमारे शंभर सेकंद होती; त्या अवधीत तिने तीन हजारांच्या आसपास आवर्तने केली. साच्यातले आवर्तन एखाद्यानेच पुढे-मागे झाले तरी जुळणी बिघडते. म्हणजे इथे सारी मदार कालगणनेवर, नेमकी तिथे जिथे सिम्प्लेक्टिक पद्धतीला बीजसंस्कार लागतो. उलट ऊर्जेची गळती या शेवटच्या शंभर सेकंदांत इतकी प्रचंड असते की हिशेबातली छोटी चोरी तिच्यापुढे दिसतही नाही. त्यामुळे साचे बनवणारे लोक सापेक्षतेची उच्च कोटीची सूत्रे आणि अचूक, पाऊल बदलणाऱ्या रुंगे-कुट्टा कुळातल्या पद्धती वापरतात. मीलनाच्या अगदी शेवटच्या क्षणांसाठी आइनस्टाइनची संपूर्ण समीकरणे महासंगणकावर सोडवतात, जे कृष्णविवरांच्या जोडीसाठी २००५ मध्ये फ्रान्स प्रिटोरियस यांना प्रथम नीट जमले. हल्स-टेलर जोडी मात्र औंढ्याच्या यंत्राला ऐकू यायला अजून सुमारे तीस कोटी वर्षे आहेत. तोपर्यंतचा तिचा प्रवास ज्याला काढायचा असेल, त्याला फेरीमागून फेरी अशा हजारो कोटी फेऱ्या घालाव्या लागतील, आणि त्याने पावलाची लांबी ठरवण्याआधी वेग आधी बदलायचा की स्थान, हे ठरवलेले बरे.